ॲस्टॉनिश (इंग्रजी शब्द)

ॲस्टॉनिश हे इंग्रजीतलं क्रियापद, अर्थ आश्चर्याने थक्क करणं. नाम ॲस्टॉनिशमेंट. आज हा शब्द बराच मवाळ झालाय पण मुळात त्यात आश्चर्य कमी आणि तडाखा जास्त होता.

लॅटिनमध्ये तोनारे म्हणजे गडगडणं. त्याला उपसर्ग लागून बोलीतल्या लॅटिनमध्ये एक्सतोनारे असं रूप झालं असणार असं अभ्यासक मानतात (हे रूप कुठे लिहिलेलं सापडत नाही, नंतरच्या शब्दांवरून काढलेलं आहे), त्यातून जुन्या फ्रेंचमध्ये एस्तोनेर आलं म्हणजे बधिर करणं, सुन्न करणं, आणि तिथून ते इंग्रजीत शिरलं. आधीची इंग्रजी रूपं ॲस्टोन, ॲस्टनी अशी होती, शेवटचं 'इश' सोळाव्या शतकात फिनिश, अबॉलिश वगैरे शब्दांच्या चालीवर चिकटलं. इंग्रजी स्टोन म्हणजे दगडाशी नातं जोडायचा मोह होतो पण तसं काही नाहीये.

यातला सगळ्यात भारी भाग म्हणजे आपल्याकडचं नातं. लॅटिन तोनारे, इंग्रजी थंडर आणि संस्कृतमधला गर्जना करणं या अर्थाचा स्तन् धातू हे सगळे एकाच इंडो-युरोपीय मुळातून आलेत. त्याच धातूवरून मेघगर्जनेला स्तनयित्नु म्हणतात, बृहदारण्यक उपनिषदात देव, माणसं आणि असुर प्रजापतीकडे उपदेश मागायला जातात त्या गोष्टीत 'द द द' म्हणणारा तो हाच.

जुना अर्थ शेक्सपिअरच्या नाटकांत अजून जिवंत दिसतो. 'ज्युलिअस सीझर'मध्ये भर वादळात कास्का म्हणतो की देव असे भयानक दूत पाठवून आपल्याला ॲस्टॉनिश करतात, म्हणजे तिथे खरोखर विजा कडाडतायत आणि माणसं हादरलीयेत. 'हेन्री द फिफ्थ'मध्ये तर फ्लुएलन पिस्टलला बडवून काढतो तेव्हा गावर त्याला थांबवतो, बास कॅप्टन, तुम्ही त्याला ॲस्टॉनिश केलंत. इथे आश्चर्य नाहीच, सरळ मार खाऊन सुन्न होणं आहे! 1611 च्या किंग जेम्स बायबलमध्ये ॲस्टनीड हे जुनं रूपही आहे, राजा नबुखद्नेस्सर आगीच्या भट्टीत चालणारी माणसं बघून हबकतो तिथे.

पुढे सतराव्या-अठराव्या शतकात धार गेली. 1773 साली बंगालमधून कमावलेल्या संपत्तीबद्दल पार्लमेंटमध्ये चौकशी चालू असताना रॉबर्ट क्लाइव्ह म्हणाला असं सांगतात की मी किती कमी घेतलं याचं मलाच ॲस्टॉनिशमेंट वाटतं, आणि तिथे शब्दाचा अर्थ जवळजवळ आजचाच आहे.

ॲस्टाउंड आणि स्टन हे याचेच भाऊबंद. स्टनमध्ये मात्र तो जुना मार अजून शिल्लक आहे, म्हणून तर स्टन गन आणि स्टन ग्रेनेड.