झेब्रा माशाचा डोळा पुन्हा कसा पाहू लागतो

क्रॉफर्ड मार्केटजवळच्या किंवा कुर्ल्याच्या शोभिवंत माशांच्या दुकानांत निळ्या पट्ट्यांचा, जेमतेम ३-४ सेंटिमीटर लांबीचा झेब्रा मासा सहज मिळतो. मूळचा तो आपल्याच उपखंडातल्या संथ ओढ्यांचा आणि भातखाचरांचा रहिवासी. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेसह जगभरातल्या प्रयोगशाळांत तो आज पाळला जातो, आणि त्याच्या दृष्टिपटलाने, म्हणजे डोळ्याच्या मागच्या बाजूच्या प्रकाश टिपणाऱ्या पडद्याने, नेत्रविज्ञानाला एक मोठी आशा दिली आहे. अतितीव्र प्रकाशाने या माशाच्या प्रकाशग्राही पेशी नष्ट केल्या, तर साधारण महिनाभरात त्या जागी नव्या पेशी उभ्या राहतात आणि दृष्टीही परत येते. माणसाच्या डोळ्यात मात्र काचबिंदूने, मधुमेहाने किंवा एखाद्या आनुवंशिक विकाराने गेलेली चेतापेशी कायमची जाते. उपचारांनी वाचवता येते ते उरलेल्या पेशींना.

माशाच्या डोळ्यात नव्या पेशी घडवण्याचे काम करते म्युलर पेशी. जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ हाइनरिश म्युलर यांनी १८५१ मध्ये तिचे वर्णन केले. दृष्टिपटलाच्या एका पृष्ठभागापासून दुसऱ्यापर्यंत खांबासारखी उभी असलेली ही पेशी स्वतः पाहण्याचे काम करत नाही. शेजारच्या चेतापेशींना पोसणे, त्यांनी सोडलेली रसायने उचलून घेणे आणि त्यांना आधार देणे हे तिचे रोजचे काम असते. विशेष म्हणजे हीच पेशी तुमच्या-माझ्या डोळ्यातही आहे.

माशाच्या डोळ्याला इजा झाली की मरणाऱ्या पेशींकडून निघालेले रासायनिक संदेश म्युलर पेशीपर्यंत पोहोचतात आणि तिच्यातील, एरवी शांत असलेली, काही जनुके जागी होतात. त्यांतील एएससीएल१ए हे जनुक कळीचे. त्याच्यामुळे लिन२८ हे प्रथिन तयार होते आणि ते लेट-७ नावाच्या सूक्ष्म आरएनएला आवर घालते, जो एरवी पेशीला तिच्या प्रौढ रूपात जखडून ठेवतो. ही साखळी २०१० मध्ये मिशिगन विद्यापीठातील डॅनियल गोल्डमन यांच्या प्रयोगशाळेने उलगडली. त्या संशोधनाचे पहिले लेखक राजेश रामचंद्रन यांनी पुढे मोहालीच्या आयसरमध्ये (भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत) याच विषयावर काम चालू ठेवले, याचा आनंद वाटतो.

यानंतर जे घडते ते मला सर्वांत विलक्षण वाटते. म्युलर पेशीचे केंद्रक दृष्टिपटलाच्या मधल्या थरातील आपली जागा सोडून प्रकाशग्राही पेशींच्या थराकडे सरकते, तेथे पेशीचे विभाजन होते आणि केंद्रक पुन्हा मागे येते. विभाजनही असमान असते: एक कन्यापेशी म्युलर पेशीच राहते, तर दुसरी पूर्वज पेशी बनून झपाट्याने वाढते आणि तिच्या वंशजांपासून हव्या त्या प्रकारच्या चेतापेशी घडतात. दुरुस्ती होते, पण दुरुस्ती करणारी पेशी खर्ची पडत नाही.

सस्तन प्राण्यांच्या म्युलर पेशीही इजेला सुरुवातीला प्रतिसाद देतात. मात्र एनएफआय गटातील प्रथिने त्यांना पुन्हा विश्रांतीच्या स्थितीत ढकलतात, असे २०२० मध्ये माशाच्या, कोंबडीच्या आणि उंदराच्या पेशींची तुलना करून दाखवण्यात आले. त्याआधी २०१७ मध्ये सिएटलच्या शास्त्रज्ञांनी प्रौढ उंदरांच्या म्युलर पेशींत एएससीएल१ हे, माशातील एएससीएल१एशी मिळतेजुळते, जनुक कार्यान्वित केले आणि गुणसूत्रांची घट्ट बांधणी सैल करणारे औषधही सोबत दिले. तेव्हा त्यांतील काही पेशी चेतापेशी बनल्या, शेजारच्या पेशींशी जोडल्या गेल्या आणि प्रकाशाला प्रतिसादही देऊ लागल्या.

मात्र त्या बहुतांशी मधल्या थरातील जोडणी पेशी होत्या, आणि अंध होत चाललेल्या अनेक रुग्णांना गरज असते ती प्रकाशग्राही पेशींची. शिवाय लिन२८सारखी प्रथिने कर्करोगाच्या गाठींतही सक्रिय आढळतात. म्हणून मासा ही वाढ कशी सुरू करतो याइतकाच, काम झाल्यावर ती नेमकी कशी थांबवतो हा प्रश्न महत्त्वाचा आहे, आणि माणसाच्या डोळ्यावर असा उपचार करण्याआधी त्याचे पक्के उत्तर हाती असायला हवे.