दोन्ही पाकिटांवर २ इंचच लिहिलंय, मग फरक काय? पुढून उघडणारं आणि मागून उघडणारं मेकॅनिकल ब्रॉडहेड

धनुष्यबाणाने शिकार करताना बाणाला पुढे जे धारदार पात्यांचं टोक लावतात ते ब्रॉडहेड, आणि ज्याची पाती उडताना दुमडलेली असतात आणि जनावराला लागल्यावर उघडतात ते मेकॅनिकल. ते घ्यायची वेळ आली की बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात, कट किती, म्हणजे उघडल्यावर किती रुंद कापतं, दीड इंच का दोन इंच. मग दोन पाकिटं हातात येतात, दोन्हीवर वजन १०० ग्रेन, दोन्हीवर कट तेवढाच, दोन्हीत पाती दुमडून बसलेली, फोटोत बघाल तर जुळी भावंडं. मग काय, जे दिसायला जास्त खतरनाक ते घेतलं जातं. मी पण पहिली दोन वर्षं हेच केलं. पण आतली रचना या दोघांची चक्क उलटी असते, आणि ती उलटी असल्यामुळे कातड्याला भोक केवढं पडतं, रक्त जमिनीवर पडतं की छातीतच साठतं, तिरका शॉट असला तर बाण सरळ जातो की शेपूट हलवतो, हे सगळं बदलतं.

पहिला प्रकार ओव्हर द टॉप, म्हणजे पुढून उघडणारं. यात पात्याची बिजागरी मागच्या बाजूला असते आणि पात्याचं मोकळं टोक पुढे, ब्रॉडहेडच्या नाकाकडे. बंद असताना धार आतल्या बाजूला तोंड करून बसलेली असते. टोकाजवळ पातं जरासं बाहेर डोकावतं, तेवढं कातड्यात अडकतं आणि बाण पुढे जात असल्यामुळे पातं मागे उलटतं. केळं सोलताना साल कशी टोकाकडून सुटून मागे वळते, अगदी तसं. न्यू आर्चरी प्रॉडक्ट्सचं स्पिटफायर या जातीचं, तीन पाती, दीड इंच कट. ग्रिम रीपरची तीन पात्यांची हेडं पण याच घरातली.

दुसरा प्रकार रिअर डिप्लॉय, मागून उघडणारं. इथे पातं पुढच्या बाजूला धरलेलं असतं आणि मोकळं टोक मागे. पुढे दोन छोटे कान बाहेर आलेले असतात, कातड्यावर आपटले की ते मागे ढकलले जातात, पातं खाचेतून मागे सरकतं आणि सरकता सरकता बाहेर फाकतं. मिटलेली छत्री उघडते ना, तसं. रेजचं स्लिपकॅम हे याचं सगळ्यात माहितीतलं उदाहरण, दोन पाती आणि २ इंच कट. नावावरून गोंधळ होतो, लोकांना वाटतं मागून उघडणारं म्हणजे उशिरा उघडणारं. उलट आहे! मागून उघडणारं आधी उघडतं. पुढून उघडणारं मात्र नाक आत गेल्यावर, पातं पूर्ण उलटं फिरल्यावर उघडतं, म्हणजे खरा कट थोडा आतून सुरू होतो.

हे एवढं डोक्यात बसलं की पुढचं बरंच आपोआप कळतं.

आधी भोकाचं बघू, कारण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं तेच. बाण गोळीसारखा धक्क्याने मारत नाही, तो कापतो, रक्त जातं, फुप्फुसं बसतात आणि जनावर पडतं. दोन्ही फुप्फुसांतून बाण गेलेलं व्हाइटटेल हरीण बहुतेक वेळा शंभर-दीडशे यार्डांच्या आत पडतं, पण दाट झाडीत दीडशे यार्ड म्हणजे काय ते ज्याने शोधलंय त्याला विचारा. तिथे रक्ताचा माग लागतो. आता तुम्ही झाडावर १८-२० फूट उंच स्टँडमध्ये बसलाय, शॉट वरून खाली जाणार, म्हणजे आत जायचं भोक वर, पाठीच्या जवळ, आणि बाहेर पडायचं भोक खाली, छातीच्या तळाशी. बाण आरपार गेला तर खालच्या भोकातून रक्त नळासारखं गळतं, वरचं भोक केवढं आहे याने मग फारसं अडत नाही. पण बाण आतच राहिला तर? मग फक्त वरचं भोक उरतं, छातीची पोकळी आधी भरत जाते आणि ती वरच्या भोकापर्यंत भरेस्तोवर जमिनीवर थेंब नाही. अशा वेळी वरचं भोक २ इंचाची सरळ चीर असेल तर निदान काही तरी आशा, आणि पुढून उघडणाऱ्याचं ते भोक कधी कधी बोटाएवढंच असतं, त्यावर कातडं सरकलं, चरबी अडकली की बंद. म्हणून मागून उघडणाऱ्याचे चाहते रक्ताच्या मागाबद्दल जे सांगतात त्यात तथ्य आहे.

पण. त्याच २ इंचाला आत ढकलायला जोर लागतो, आणि तो जोर बाणाकडूनच येतो, वरून कोणी देत नाही. म्हणजे वरचं भोक मोठं करायच्या नादात खालचं भोक गमवायचं असा सौदा होऊ शकतो. इथे थोडं गणित करावंच लागतं. बाणाचं ग्रेनमधलं वजन गुणिले वेगाचा वर्ग, वेग फूट प्रति सेकंदात, भागिले ४५०२४०, की फूट-पाउंडमध्ये ऊर्जा मिळते. ४२० ग्रेनचा बाण २८० च्या वेगाने गेला तर साधारण ७३ येतात. ३८० ग्रेनचा बाण हलक्या धनुष्यातून २२० ने गेला तर ४१ च्या आसपास. ईस्टन कंपनीचा जुना तक्ता आहे, त्यात हरणासाठी २५ ते ४१ आणि एल्क, काळं अस्वल, रानडुक्कर यांच्यासाठी ४२ ते ६५ असं धरलंय. पण तो तक्ता काही तुमच्या हेडचा कट बघून बनवलेला नाही, हे लोक विसरतात. ७३ वाल्याने २ इंची मागून उघडणारं लावून व्हाइटटेलच्या फासळ्यांतून मारलं तर आरपार जायची शक्यता चांगली. ४१ वाल्याने तेच लावलं तर तो जुगार आहे, स्पष्ट सांगतो. त्याने १ इंच किंवा सव्वा इंचाचं फिक्स्ड, म्हणजे पाती कायम उघडी आणि पक्की असलेलं, लावावं, आणि मेकॅनिकलचाच हट्ट असेल तर दीड इंचाच्या पुढे जाऊ नये.

उघडण्यातच कोण जास्त जोर खातं यावर लोक तासन् तास भांडतात. मला पटणारी गोष्ट एवढीच की पुढून उघडणाऱ्या पात्याला जवळजवळ अर्धं वर्तुळ फिरायचं असतं आणि मागून उघडणाऱ्याला जरासं सरकून फाकायचं असतं, म्हणून उघडण्याची कटकट मागून उघडणाऱ्यात कमी. पण एकदा उघडल्यावर २ इंचाची धार मांसातून ओढत न्यायची ती मेहनत राहतेच, ती रचनेमुळे माफ होत नाही.

आता तो इंच. पाकिटावरचा आकडा हा व्यास असतो, एकूण कापलेली लांबी नाही. दोन पात्यांचं २ इंची हेड म्हणजे दोन्ही बाजूंना एकेक इंच, एकूण २ इंच चीर. तीन पात्यांचं दीड इंची म्हणजे प्रत्येक पातं पाऊण इंच, तीन गुणिले पाऊण, सव्वादोन इंच. म्हणजे जे लहान दिसतंय ते एकूण जास्त कापतंय! शिवाय सरळ चीर कातड्यासकट पुन्हा मिटू शकते, तीन बाजूंची चीर तशी नीट मिटत नाही. उलट बाजू अशी की तीन पात्यांना फासळीतून जाताना जास्त अडथळा, आणि दोन पात्यांचा पसारा रुंद असल्यामुळे जरा मागे लागलेला शॉटसुद्धा कधी कधी एखादी मोठी रक्तवाहिनी गाठतो. हा दुसरा मुद्दा दुकानात फार चढवून सांगतात. चुकलेला शॉट रुंद पात्याने बरोबर होत नाही, पोटात लागला तर पोटातच लागला, आठ-बारा तास थांबायचं आणि मगच शोधायला उतरायचं, हेड कुठलंही असो.

तिरक्या शॉटचं मात्र नीट समजून घ्या. जनावर तुमच्यापासून तोंड फिरवून तिरकं उभं आहे, हा तसा चांगला शॉट मानला जातो. बाण फासळ्यांवर कोनात येतो. पुढून उघडणाऱ्या हेडचं ज्या बाजूचं पातं आधी टेकतं ते आधी उलटतं, समोरचं अजून मिटलेलंच, म्हणजे क्षणभर एकीकडे लंगर टाकल्यासारखं होतं आणि बाणाची शेपूट दुसरीकडे उडी मारायला बघते. कोन फारच तिरका असेल तर हेड फासळीवरून घसरून कातड्याखालून पुढे निघून गेल्याचे किस्से या प्रकाराचेच जास्त ऐकू येतात. मागून उघडणाऱ्यात नाक आधी घट्ट बसतं आणि पाती मागे जातात म्हणून ही खोड कमी आहे, अजिबात नाही असं नाही, दोन पाती वेगवेगळी हलत असतील तर तिथेही एक आधी एक नंतर होतंच. काहींनी, उदाहरणार्थ सेव्हरने, उघडलेली पातीच मधल्या पिनवर दोन्हीकडे डुलतील अशी केलीत, म्हणजे एका बाजूला हाड लागलं तर पातं त्याला वळसा घालतं आणि बाण वळत नाही. कल्पना हुशार आहे.

पाती मिटलेली धरून ठेवायची सोय हा तिसरा फरक, आणि इथे मी स्वतः तोंडावर आपटलोय. जुन्या पद्धतीत रबरी रिंग, नंतर बऱ्याच मागून उघडणाऱ्यांत प्लॅस्टिकची कॉलर आली जी एका शॉटला फुटते आणि नवी घालायची, आणि स्पिटफायरसारख्यांत आत छोटी क्लिप असते, रिंगच नाही. बाण सुटतो तेव्हा त्याला जबरदस्त धक्का बसतो, सगळ्या सुट्या गोष्टी मागे राहायला बघतात, आणि मागून उघडणाऱ्याचं पातं तर मागे सरकूनच उघडतं! म्हणजे कॉलर ढिली असेल तर सुटतानाच उघडणार, आणि हवेत उघडलेलं २ इंची हेड म्हणजे बाणाला पंख फुटले, कुठे जाईल सांगता येत नाही. म्हणूनच क्रॉसबोसाठी, जिथे वेग ४०० च्या पुढे जातो, तिथे कडक कॉलरवाली वेगळी हेडं येतात, साधी त्यात वापरू नका. माझं झालं ते याहून बावळट होतं, मागच्या सीझनची रबरी रिंग तशीच ठेवली, थंडीत ती कडक होऊन तडकली आणि स्टँडवर चढताना भात्यातच पातं उघडलं, आवाज झाला, पातं भात्याच्या फोममध्ये रुतलं, आणि समोरून हरीण निघून गेलं ते मी बघत बसलो. कंपनीचं नाव घेत नाही कारण चूक माझीच होती, रिंग दर वर्षी बदला म्हणून पाकिटावर लिहिलेलंच होतं.

क्लिपवाल्यांचं उलट, ती विसरायला होत नाही पण घट्ट-सैल जाणवत नाही. घ्यायच्या आधी बोटाने नाही, चिमट्याने प्रत्येक पातं उघडून बघा, तिन्ही सारख्याच जोराने सुटतात का. एक सहज आणि एक हट्टी असेल तर वर तिरक्या शॉटचं जे सांगितलं ते सरळ शॉटलाही होणार.

एल्क किंवा मूस, म्हणजे हरणाच्याच जातीतली खूप मोठी जनावरं, असतील तर? तिथे मला हे दोन्ही प्रकार दुसऱ्या नंबरचे वाटतात. खांद्याचं हाड लागलं की मेकॅनिकलची साधारण ०.०३५ इंच जाडीची पाती वाकतात किंवा तुटतात. बाण किती आत घुसतो याचा अभ्यास करणाऱ्या डॉ. एड अॅशबी यांनी जड हाड पार करण्यासाठी बाणाच्या वजनाचा उंबरठा साधारण ६५० ग्रेन धरलाय, आणि ते बोलतात ते फिक्स्ड, दोन पात्यांच्या, एका बाजूने धार लावलेल्या हेडबद्दल. एवढा जड बाण सगळ्यांना जमत नाही ते ठीक, पण दिशा कळते. तरी मेकॅनिकलच लावायचं तर मी दीड इंचाचं मागून उघडणारं घेईन, २ इंचाचं नाही. आणि नियम आधी वाचा, अमेरिकेत राज्याराज्यात वेगळे असतात. कोलोरॅडोत हेडची रुंदी किमान ७/८ इंच लागते, आयडाहोमध्ये धनुष्याच्या सीझनला मेकॅनिकल बरीच वर्षं चालतच नव्हतं, आणि नियम बदलत असतात म्हणून मागच्या वर्षीच्या पुस्तिकेवर जाऊ नका.

एक चाचणी घरी करता येते. जाड पुठ्ठा फोमच्या टार्गेटसमोर साधारण ४५ अंशात तिरका बांधा आणि दोन्ही प्रकार २० यार्डांवरून मारा, पुठ्ठ्यावरच्या भोकाचा आकार बघा आणि मागे फोममध्ये बाण कुठल्या कोनात उभा आहे ते बघा. मागून उघडणाऱ्याचं भोक लांब चीर असतं, पुढून उघडणाऱ्याचं पुष्कळदा लहान आणि कडा फाटलेलं. बाण फोममध्ये वाकडा उभा राहिला तर हेडला शिव्या घालायच्या आधी धनुष्य ट्यून आहे का, म्हणजे बाण सरळ सोडतंय का, ते ताणलेल्या कागदातून बाण मारून तपासा, कारण मेकॅनिकल मिटलेलं असताना सरावाच्या साध्या, बिनपात्याच्या पॉइंटसारखं उडतं आणि बिघडलेलं ट्यूनिंग लपवतं, फिक्स्ड लावलं असतं तर ते पहिल्याच बाणाला उघडं पडलं असतं. आणि चाचणीत वापरलेलं हेड परत भात्यात ठेवू नका, फोमने धार गेलेली असते, त्याच्यावर मार्करने खूण करून सरावाच्या डब्यात टाका.