वाहन चालविण्याच्या लायसन्सचे नूतनीकरण: मुदत, कागदपत्रे आणि महाराष्ट्रातील अर्जाची पद्धत

ज्यांनी २००५ किंवा २००६ साली, ऐन विशीत असताना, दुचाकीचे वा मोटारीचे पक्के लायसन्स काढले, त्यांच्यापैकी बहुतेकांच्या लायसन्सची मुदत २०२५ आणि २०२६ या वर्षांत संपते. त्या काळी खासगी वाहनाचे लायसन्स २० वर्षे किंवा वयाची ५० वर्षे पूर्ण होईपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोपर्यंत दिले जात असे. २० वर्षे हा काळ इतका मोठा असतो की त्या कार्डावर शेवटची तारीख छापलेली आहे याचाच विसर पडतो, आणि ती तारीख बहुधा पहिल्यांदा लक्षात येते ती पोलिसांनी गाडी अडविल्यावर किंवा विमा कंपनीने कागद मागितल्यावर. म्हणून हा मजकूर वाचण्यापूर्वी आपले कार्ड हातात घेऊन त्यावरील तारीख पाहावी, अशी विनंती आहे.

कार्डावर ‘एनटी’ आणि ‘टीआर’ अशा दोन नोंदी असू शकतात. पहिली खासगी म्हणजे परिवहनेतर वाहनासाठी, तर दुसरी परिवहन वाहनासाठी, म्हणजे टॅक्सी, ट्रक, बस यांसाठी असते. दोन्हींच्या मुदती वेगवेगळ्या असतात आणि त्या वेगवेगळ्या दिवशी संपतात. ज्यांच्याकडे दोन्ही नोंदी आहेत, त्यांनी केवळ लांबची तारीख पाहून निश्चिंत होऊ नये.

मुदतीसंबंधीचा सर्वांत मोठा गैरसमज आधी दूर करायला हवा. मोटार वाहन अधिनियम, १९८८ यात पूर्वी अशी तरतूद होती की मुदत संपल्यानंतरही ३० दिवस लायसन्स अंमलात आहे असे मानले जाई. २०१९ च्या दुरुस्तीने ही सवलत काढून टाकली. त्याच दुरुस्तीने नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्यापूर्वी एक वर्षापासून ते मुदत संपल्यानंतर एक वर्षापर्यंत करता येईल, अशी सोय केली. या दोन गोष्टी एकत्र वाचल्या नाहीत की घोटाळा होतो आणि ‘एक वर्ष चालते’ असे लोक एकमेकांना सांगत राहतात. ते एक वर्ष अर्ज करण्यासाठी आहे, गाडी चालविण्यासाठी नाही. मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून नूतनीकरण होईपर्यंतच्या काळात संबंधित व्यक्तीकडे कायद्याच्या दृष्टीने अंमलात असलेले लायसन्सच नसते, आणि अधिनियमाच्या कलम ३ ला हवे असते ते अंमलात असलेलेच लायसन्स.

याचे परिणाम दंडापुरते थांबत नाहीत. विनालायसन्स वाहन चालविल्याबद्दल कलम १८१ मध्ये ५,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे, आणि अशा व्यक्तीच्या हाती गाडी देणाऱ्या मालकालाही कलम १८० लागू होते. त्यामुळे भावाला किंवा मित्राला गाडीची किल्ली देताना त्याच्या लायसन्सची तारीख विचारणे हा अविश्वास नव्हे. त्याहून गंभीर बाब विम्याची आहे. अपघाताच्या दिवशी चालकाचे लायसन्स मुदतबाह्य असेल, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा विमा कंपनी नाकारू शकते. अपघातात बाधित झालेल्या त्रयस्थाला भरपाई देण्याचा आदेश मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाने कंपनीला दिला, तरी ती रक्कम मालकाकडून वसूल करण्याचा मार्ग तिला मोकळा राहू शकतो. मालक-चालकासाठी सक्तीचे असलेले १५ लाख रुपयांचे वैयक्तिक अपघात संरक्षणही वैध लायसन्सच्या अटीवरच मिळते. हे सारे एका विसरलेल्या तारखेमुळे घडू शकते.

नूतनीकरणानंतर किती वर्षे मिळतात

२०१९ च्या दुरुस्तीनंतर खासगी वाहनाच्या लायसन्सची मुदत वयानुसार ठरते. लायसन्स देण्याच्या किंवा नूतनीकरणाच्या दिवशी वय ३० पेक्षा कमी असेल, तर ते वयाची ४० वर्षे पूर्ण होईपर्यंत चालते. वय ३० पूर्ण पण ५० पेक्षा कमी असेल, तर १० वर्षे मिळतात. वय ५० पूर्ण पण ५५ पेक्षा कमी असेल, तर ६० व्या वर्षापर्यंत, आणि ५५ पूर्ण झाल्यावर प्रत्येक वेळी ५ वर्षे. परिवहन वाहनासाठी वय काहीही असले तरी मुदत ५ वर्षांची असते, आणि धोकादायक मालाची वाहतूक करणाऱ्यांसाठी ती ३ वर्षांची आहे. जुन्या कार्डावर जुन्या नियमाने छापलेली तारीख मात्र तशीच ग्राह्य राहते. नवा नियम लागू होतो तो पुढच्या नूतनीकरणापासून.

उदाहरणार्थ, २००६ साली वयाच्या २२ व्या वर्षी लायसन्स काढलेल्या व्यक्तीची मुदत २०२६ मध्ये, वयाच्या ४२ व्या वर्षी संपेल आणि तिला पुढे १० वर्षे मिळतील. हीच व्यक्ती त्या वेळी १९ वर्षांची असती, तर नूतनीकरण ३९ व्या वर्षी झाले असते. तेव्हाही मुदत १० वर्षेच मिळाली असती, पण एक कागद कमी लागला असता, आणि तो म्हणजे चाळिशीनंतर लागणारे वैद्यकीय प्रमाणपत्र.

अर्ज किती आधी करावा, हाही विचार करण्याजोगा प्रश्न आहे. मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून अर्ज करता येतो, परंतु तसे केल्यास नवी मुदत नूतनीकरणाच्या तारखेपासून मोजली जाते, म्हणजे जुन्या मुदतीतील उरलेले महिने हातचे जातात. माझ्या मते एक-दोन महिने आधी अर्ज करणे सर्वांत सोयीचे आहे, कारण कागदात त्रुटी निघाली तरी ती दुरुस्त करण्यास वेळ मिळतो. परदेशी शिक्षणासाठी वा नोकरीसाठी जाणाऱ्यांनी मात्र ही आधीची सवलत अवश्य वापरावी. तेथे वाहन चालविण्यासाठी घेतला जाणारा आंतरराष्ट्रीय परवाना येथील वैध लायसन्सच्या आधारेच मिळतो, त्याची मुदत एक वर्षापेक्षा अधिक नसते आणि त्याचे शुल्क १,००० रुपये आहे. मूळ लायसन्सची मुदत परदेशात असताना संपली, तर सुट्टीत गावी आल्यावर मोजक्या दिवसांत ही सगळी कामे उरकावी लागतात.

मुदत संपून एक वर्षाहून अधिक काळ लोटला असेल, तर केवळ अर्जाने काम होत नाही. अशा वेळी वाहन चालविण्याची चाचणी पुन्हा उत्तीर्ण झाल्याखेरीज नूतनीकरण करू नये, असे कलम १५ मध्ये स्पष्ट म्हटले आहे. २०१९ पूर्वी ही मर्यादा ५ वर्षांची होती, आणि पुष्कळ जण अजूनही तीच गृहीत धरून बसलेले आढळतात.

कागदपत्रे

नूतनीकरणासाठी लागणारी कागदपत्रे फारशी नाहीत. मूळ लायसन्स, ओळख व पत्त्याचा पुरावा, छायाचित्र, स्वाक्षरी, आणि नमुना १ मधील शारीरिक क्षमतेचे स्वयंघोषणापत्र एवढे पुरते. पत्त्यासाठी आधार, पारपत्र, मतदार यादीतील नोंद किंवा आयुर्विमा पॉलिसी यांसारखा नियमांत नमूद असलेला कागद चालतो. यांपैकी काहीच नसेल तर प्रतिज्ञापत्राची तरतूद आहे.

वय ४० पेक्षा अधिक असेल, किंवा लायसन्स परिवहन वाहनाचे असेल, तर नमुना १अ मधील वैद्यकीय प्रमाणपत्र बंधनकारक आहे. ते नोंदणीकृत डॉक्टरांकडूनच घ्यावे लागते, आणि अलीकडे ते डॉक्टरांनी ‘सारथी’ या शासनाच्या ऑनलाइन अर्जप्रणालीत स्वतःच्या लॉगिनमधून भरण्याची पद्धत आली असल्याने, आपल्या डॉक्टरांची तशी नोंद आहे का, हे जाण्यापूर्वी विचारून घ्यावे. या तपासणीकडे केवळ शिक्क्याचे काम म्हणून पाहू नये, असे मला मनापासून वाटते. चाळिशीनंतर जवळचे आणि लांबचे दोन्ही दिसण्यात फरक पडतो, रात्री समोरून येणाऱ्या दिव्यांनी डोळे दिपतात, आणि हा बदल इतका सावकाश होतो की तो स्वतःच्या ध्यानात येत नाही. डॉक्टर दृष्टी तपासणार असतील तर ती नीट तपासून घ्यावी आणि चष्मा लागत असल्यास तो लावूनच जावे.

अर्जाची पद्धत

केंद्रीय परिवहन मंत्रालयाच्या ‘परिवहन’ संकेतस्थळावरील ‘सारथी’ या सेवेतून अर्ज करावा लागतो. शासकीय संकेतस्थळाच्या पत्त्याच्या शेवटी ‘गव्ह डॉट इन’ असते. नावात ‘आरटीओ’ किंवा ‘लायसन्स’ असलेली पण अशा शेवटाविना असलेली अनेक संकेतस्थळे दिसतात आणि तेथे भरलेले पैसे शासनाकडे जात नाहीत. व्हॉट्सॲपवर आलेल्या दुव्यावरून कोणतेही ॲप उतरवून घेऊ नये.

सारथीवर प्रथम राज्य निवडायचे असते. त्यानंतर लायसन्ससंबंधी सेवांमध्ये नूतनीकरणाचा पर्याय घेऊन लायसन्स क्रमांक व जन्मतारीख भरली की आपली नोंद पडद्यावर येते. महाराष्ट्रातील क्रमांकात ‘एमएच’ या अक्षरांनंतर कार्यालयाचा दोन अंकी क्रमांक (पुण्यासाठी १२, नागपूरसाठी ३१, कोल्हापूरसाठी ०९), मग चार अंकी वर्ष आणि शेवटी सात अंक असतात. हाताने लिहिलेले जुने पुस्तकी लायसन्स असेल आणि नोंदच दिसत नसेल, तर ते ज्या कार्यालयाने दिले तेथे मूळ पुस्तक घेऊन जाऊन ही नोंद संगणकात करून घ्यावी लागते. ते काम आधी झाल्याशिवाय पुढचे पाऊल टाकता येत नाही, आणि त्यासाठी वेळ लागतो. ज्यांचे वडील किंवा आई आजही असे पुस्तक जपून आहेत, त्यांनी मुदत संपण्याची वाट न पाहता हे काम हाती घ्यावे.

नोंद दिसल्यावर तिच्यातील नाव, जन्मतारीख आणि पत्ता बारकाईने पाहावा. पत्ता बदलला असेल तर नूतनीकरणासोबत पत्ताबदलाचा पर्यायही त्याच अर्जात निवडता येतो. येथे पुष्कळ जण आळस करतात, कारण लायसन्स देशभर चालते आणि पत्ता जुना असला तरी रस्त्यावर कोणी हरकत घेत नाही. परंतु छापून झालेले कार्ड टपालाने नोंदीतील पत्त्यावरच येते. सोडलेल्या भाड्याच्या घराचा पत्ता तसाच राहिला, तर कार्ड परत कार्यालयात जाते आणि ते शोधण्यासाठी हेलपाटे घालावे लागतात. मोबाइल क्रमांकाचेही तेच आहे. ओटीपी नोंदीतील क्रमांकावर येतो, त्यामुळे तो क्रमांक बंद झाला असेल तर आधी तो बदलून घ्यावा.

गोव्यातून, बेळगावहून किंवा इंदूरहून नोकरीनिमित्त महाराष्ट्रात स्थायिक झालेल्यांना नवे लायसन्स काढण्याची गरज नाही. कायद्यानुसार नूतनीकरण कोणत्याही परवाना प्राधिकाऱ्याकडे करता येते, म्हणून सध्या राहत असलेले राज्य व कार्यालय निवडून, येथील पत्त्याच्या पुराव्यासह पत्ताबदल आणि नूतनीकरण या दोन्हींचा अर्ज एकत्र करावा.

आधारद्वारे ओळख पटवून देण्यास तयारी असेल, तर चाचणीची गरज नसलेले नूतनीकरण, पत्ताबदल आणि दुय्यम प्रत ही कामे कार्यालयात न जाता पूर्ण होऊ शकतात. मार्च २०२१ मध्ये केंद्राने अशा १८ सेवा अधिसूचित केल्या. ज्यांना आधार वापरायचा नाही किंवा ज्यांच्या आधारवरील नाव लायसन्सशी जुळत नाही, त्यांनी अर्ज ऑनलाइन भरून, वेळ ठरवून, मूळ कागदांसह प्रादेशिक किंवा उपप्रादेशिक परिवहन कार्यालयात जावे. तालुक्याच्या ठिकाणी कार्यालयाची शिबिरे भरतात. जिल्ह्याचे ठिकाण दूर असलेल्यांनी शिबिराची तारीख आधी पाहून त्यानुसार वेळ घ्यावी.

शुल्क केंद्रीय नियमांनुसार ठरलेले आहे. मुदतीत केलेल्या नूतनीकरणासाठी २०० रुपये, पत्ताबदलासाठी २०० रुपये आणि स्मार्ट कार्डासाठी २०० रुपये, शिवाय टपालखर्च. उशिराच्या अर्जाला मूळ शुल्क ३०० रुपये लागते आणि विलंबाच्या प्रत्येक वर्षासाठी किंवा वर्षाच्या भागासाठी १,००० रुपये वेगळे लागतात. एकूण रक्कम संकेतस्थळ स्वतःच काढून दाखवते व तेथेच भरावी लागते. एजंटाने सांगितलेला आकडा आणि पडद्यावरचा आकडा यांतील फरक म्हणजे एजंटाचे मानधन, हे समजूनच ते द्यावे की नाही ते ठरवावे. हा अर्ज स्वतः भरता येण्यासारखा आहे. वयस्कर माणसांना पडद्यावरची कामे अवघड जातात, तेव्हा घरातील तरुणांनी अर्धा तास त्यांच्याशेजारी बसावे.

पैसे भरल्यानंतर मिळणारी पावती आणि अर्ज क्रमांक जपून ठेवावा. त्या क्रमांकावरून अर्ज कोठे आहे ते पाहता येते. कागद अस्पष्ट असल्याची किंवा स्वाक्षरी जुळत नसल्याची त्रुटी निघाल्यास तीही तेथेच दिसते, आणि ती दूर करेपर्यंत अर्ज पुढे सरकत नाही. अर्ज मंजूर झाला की नवी मुदत डिजिलॉकर आणि एमपरिवहन या शासकीय ॲपमध्ये दिसू लागते. त्यांतील लायसन्स मूळ कागदाइतकेच ग्राह्य धरण्याची तरतूद २०१८ पासून नियमांत आहे, म्हणून छापील कार्ड टपालात असले तरी गाडी चालविण्यास हरकत नाही. मात्र पावती म्हणजे लायसन्स नव्हे. जुनी मुदत संपलेली असेल, तर ॲपमध्ये नवी तारीख दिसेपर्यंत गाडी घरीच ठेवावी.