बैठी आसने

जमिनीवर बसून, शरीराचा भार कुल्ल्यांवर किंवा टाचांवर ठेवून करावयाची योगासने. योगवर्गांत आसनांच्या शयन (पाठीवर), विपरीत शयन (पोटावर), बैठक आणि दंड (उभी) अशा चार स्थिती शिकवतात, त्यांपैकी ही बैठक स्थिती. पद्मासन, सिद्धासन, स्वस्तिकासन, वज्रासन, भद्रासन, गोमुखासन, वक्रासन, अर्धमत्स्येंद्रासन, पश्चिमोत्तानासन ही तिच्यातील परिचित नावे.

‘बैठे आसन’ ही तशी द्विरुक्तीच. ‘आसन’ हा शब्द ‘आस्’ म्हणजे बसणे या धातूपासून आलेला आहे आणि जुन्या ग्रंथांत त्याचा अर्थ प्रामुख्याने ध्यानासाठीची बैठक असाच होतो. पतंजलीच्या योगसूत्रांत ‘स्थिरसुखमासनम्’ (२.४६) एवढीच व्याख्या आहे, एकाही आसनाचे नाव नाही. लगेच पुढचे सूत्र प्रयत्न सैल सोडायला सांगते. नावे येतात ती योगसूत्रांवरील व्यासभाष्य या जुन्या टीकेत, आणि तीही बहुतेक बसण्याच्या प्रकारांचीच. पंधराव्या शतकातील हठप्रदीपिका या हठयोगावरील ग्रंथात १५ आसने वर्णिली असली, तरी श्रेष्ठ म्हणून निवडलेली चार (सिद्ध, पद्म, सिंह, भद्र) सगळी बैठीच आहेत.

नावांबाबत सावध राहावे लागते. वज्रासन म्हटले की आज गुडघे दुमडून टाचांवर बसणे डोळ्यांपुढे येते. हठप्रदीपिका मात्र सिद्धासनालाच काहीजण वज्रासन म्हणतात असे नोंदवते, आणि ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात टाचेने शिवण (गुद व जननेंद्रिय यांमधला भाग) दाबून साधलेल्या मूलबंध या हठयोगातील क्रियेचे ते गौण नाव म्हणून येते. गुडघे दुमडून बसण्याच्या जवळ जाणारे वर्णन घेरंडसंहिता या हठयोगावरील दुसऱ्या ग्रंथात सापडते. त्यामुळे जुन्या ग्रंथातील वज्रासनाची स्तुती उचलून आजच्या वज्रासनाला चिकटवणे बरोबर नाही. ते सर्रास केले जाते ही गोष्ट वेगळी.

स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केले आणि योगक्रियांचा शरीरावर होणारा परिणाम प्रयोगशाळेत मोजायला सुरुवात केली. त्या परंपरेत आसनांची ध्यानात्मक, संवर्धनात्मक आणि विश्रांतिकारक अशी विभागणी रूढ झाली. बैठ्या आसनांपैकी पद्मासन, सिद्धासन, स्वस्तिकासन ही ध्यानात्मक. त्यांत दीर्घकाळ न हलता बसायचे असते. पुढे वाकण्याची किंवा पीळ देण्याची आसने संवर्धनात्मक. ती थोडाच वेळ टिकवतात.

मांडी घालून करायच्या आसनांत खरी कसोटी गुडघ्याची नसून खुब्याची असते. खुबा हा उखळीचा सांधा असल्याने तो सर्व बाजूंना फिरतो. गुडघा मुख्यतः बिजागरीसारखा दुमडतो. पद्मासनात मांडी खुब्यातून बाहेरच्या बाजूला पुरेशी वळली, तर पाऊल विरुद्ध मांडीवर सहज बसते. खुबा आखडलेला असेल आणि हाताने पाऊल ओढून वर ठेवले, तर उरलेला पीळ गुडघ्यावर पडतो व आतल्या बाजूच्या कूर्चेला (सांध्यातील गादीला) इजा होऊ शकते. आखडतो खुबा, भोगतो गुडघा. कंबरेचेही असेच आहे. खुबे किंवा मांडीच्या मागचे स्नायू ताठ असले, की बसल्यावर कटिभाग मागे कलंडतो, कंबरेचा नैसर्गिक बाक नाहीसा होतो आणि पाठीला पोक येतो. अशा बैठकीत पाच मिनिटांत पाठ भरून येते आणि दोष मात्र मनाच्या चंचलतेवर जातो.

फायद्यांपैकी सांध्यांची लवचीकता, पाठीच्या स्नायूंचा टिकाऊपणा आणि मोकळा श्वास हे सहज समजण्यासारखे आहेत. पोक काढून बसल्यास पोट दबते आणि श्वासपटलाला खाली सरकायला जागा उरत नाही. ताठ बैठकीत ती मिळते. जुनाट कंबरदुखीत योगाभ्यासाने हालचाल काहीशी सुधारते, असे अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यांतून दिसते. मात्र हे अभ्यास संपूर्ण योगवर्गांचे आहेत. त्यांचे श्रेय एखाद्या आसनाला देता येत नाही. जेवणानंतर वज्रासनात बसल्याने पोट जड वाटत नाही, हा अनेकांचा अनुभव आहे. निदान जेवल्याजेवल्या आडवे होणे त्यामुळे टळते आणि जळजळीचा त्रास असणाऱ्यांना तेवढाही उपयोग होतो. पायांचा रक्तपुरवठा कमी होऊन तो पोटाकडे वळतो, हे लोकप्रिय स्पष्टीकरण पुरेसे सिद्ध झालेले नाही. पीळ देणाऱ्या आसनांनी यकृतातील विषारी द्रव्ये पिळून निघतात, या म्हणण्याला तर कसलाच आधार नाही. मधुमेह किंवा रक्तदाबाची औषधे आसनांच्या भरवशावर बंद करू नयेत.

वज्रासनाचा एक धोका नोंदला गेलेला आहे. या बैठकीत फार वेळ राहिल्यास गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूने जाणारी नस (मज्जातंतू) दबते आणि पाऊल वर उचलता येईनासे होते. असा एक रुग्ण १९७१ मध्ये अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात वर्णिला गेला. पायाला मुंग्या येऊ लागल्या, की आसन सोडावे. तिथे निग्रह कामाचा नाही. हाडे ठिसूळ झालेल्यांनी पश्चिमोत्तानासनात पाठ गोल करून जोराने वाकू नये, कारण मणक्यांवर दाब येऊन अस्थिभंग होऊ शकतो. गरोदरपणी पोट दाबणारे पीळ टाळतात. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

बहुतेक अडचणींवर उपाय साधाच असतो: कुल्ल्यांखाली घडी केलेले कांबळे किंवा पक्की उशी घेऊन बसणे. बैठक उंच झाली, की कटिभाग पुढे झुकतो, गुडघे खाली येतात आणि पाठ आपोआप सरळ होते. वज्रासनात हीच घडी टाचा आणि कुल्ले यांच्यामध्ये ठेवतात. पुण्याचे बी. के. एस. अय्यंगार यांनी पट्टे, ठोकळे, लोड अशा साधनांचा वापर पद्धतशीरपणे रुजवला. आधार घेणे म्हणजे कमीपणा, असे मानणारे साधक अजूनही भेटतात. व्यासभाष्यातील आसनांच्या यादीत ‘सोपाश्रय’, म्हणजे आधारासह बसण्याचे आसन, दंडासनाच्या लगेच पुढे आहे. त्या भाष्याचे टीकाकार वाचस्पतिमिश्र यांनी त्याचा अर्थ योगपट्ट (बैठकीला आधार देणारा पट्टा) बांधून बसणे असा लावला आहे.