पिवळा रंग वर चढतो तेव्हा

अणुभट्टीतून बाहेर काढलेल्या इंधनाला आपण ‘वापरलेलं’ म्हणतो, पण त्यातलं बहुतेक सगळं अजून शिल्लक असतं. साध्या पाण्यावर चालणाऱ्या भट्टीतलं इंधन घेतलं, तर सुमारे ९५ टक्के युरेनियम तसंच असतं आणि एक टक्क्याच्या आसपास प्लुटोनियम नव्याने तयार झालेलं असतं. उरलेल्या तीन-चार टक्क्यांत मुख्यतः विखंडनाची, म्हणजे अणू फुटून झालेल्या तुकड्यांची राख: सीझियम, स्ट्रॉन्शियम आणि इतर डझनावारी मूलद्रव्यं. किरणोत्साराचा मोठा भाग या राखेतूनच येतो. ही राख बाजूला कशी काढायची?

काही वर्षं पाण्याखाली थंड झालेल्या इंधनाच्या कांड्यांचे जाड काँक्रीटच्या भिंतींआड, यंत्राच्या हातांनी तुकडे करतात आणि गरम नायट्रिक आम्लात सोडतात. इंधन विरघळतं, झिरकोनियमची टरफलं मागे उरतात. मग येतो ट्रायब्युटिल फॉस्फेट हा द्रावक. तो एकटा घट्ट आणि जवळजवळ पाण्याइतकाच जड असल्याने साधारण ३० टक्के द्रावक आणि बाकी केरोसीनसारखं हलकं तेल असं मिश्रण करतात. म्हणजे तो आम्लावर तरंगतो.

निव्वळ युरेनियमवर हा प्रयोग काचेच्या भांड्यात केला, तर डोळ्यांना दिसतो. खाली पिवळंधमक आम्ल, वर रंगहीन द्रावक. भांडं जोरात हलवायचं आणि थर वेगळे होऊ द्यायचे. पिवळा रंग वर चढलेला असतो! द्रावकाच्या रेणूतला एक ऑक्सिजन युरेनियमला धरतो. दोन रेणू आणि दोन नायट्रेट मिळून त्याचा विद्युतभार झाकला जातो आणि ते तेलात रमतं. सीझियम आणि स्ट्रॉन्शियमची अशी जोडी जमत नाही, ते खालीच राहतात.

प्लुटोनियमही युरेनियमबरोबर वर जातं. त्याला परत खाली आणायला एकच इलेक्ट्रॉन पुरतो. चार धन भारांचं प्लुटोनियम तीनवर आलं, की द्रावक त्याला सोडून देतो. संपूर्ण रसायनशास्त्रात याहून देखणी युक्ती मला माहीत नाही. शेवटी अगदी पातळ आम्लाने धुतलं, की युरेनियमही पाण्यात उतरतं. ‘प्युरेक्स’ नावाच्या या पद्धतीवर अमेरिकेतल्या सव्हाना रिव्हर इथे १९५४ मध्ये मोठा कारखाना सुरू झाला. फ्रान्समधल्या ला हेगला आजही मूळ रीत हीच आहे.

हे काम धोक्याचं आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. किरणोत्साराने द्रावक तुटतो, म्हणून तो सोड्याने धुऊन पुन्हा वापरावा लागतो. नायट्रिक आम्लासोबत तो फार तापला, तर स्फोट होऊ शकतो. १९९३ मध्ये रशियातल्या तोम्स्क-७ इथे अशा मिश्रणाची टाकी फुटली. प्लुटोनियम एका जागी जास्त साठून साखळी अभिक्रिया सुरू होऊ नये म्हणून भांडी अरुंद ठेवतात. आणि वेगळं काढलेलं प्लुटोनियम बाँबलाही चालतं, त्यामुळे त्याचा हिशेब ग्रॅमच्या हिशेबाने ठेवावा लागतो.

खाली उरलेलं राखेचं पाणी आटवून बोरोसिलिकेट काचेत गोठवतात. त्यात अमेरिसियम हे मूलद्रव्यही असतं. त्याच्या एका मुख्य समस्थानिकाचं (अणूच्या प्रकाराचं) अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू विघटित व्हायला लागणारा काळ, सुमारे ४३२ वर्षं. तेही वेगळं काढायची धडपड चालू आहे. अडचण अशी, की राखेतली लँथनाइड मूलद्रव्यंही त्याच्यासारखीच तीन धन भारांची, आकारानेही जवळपास तेवढीच. द्रावकाच्या रेणूतल्या ऑक्सिजनला या दोघांतला फरक फारसा कळत नाही, नायट्रोजनला थोडा कळतो. म्हणून नायट्रोजनने पकडणारे, तरीही त्या किरणोत्सारात टिकून राहणारे रेणू रसायनतज्ज्ञ घडवताहेत.