ख्रिस्ती साक्ष (बेळगाव सीमाभाग)

येशू ख्रिस्तावरील आपला विश्वास त्याचा प्रतिनिधी या नात्याने दुसऱ्याला सांगणे, याला ख्रिस्ती मंडळीत साक्ष देणे किंवा सुवार्ता सांगणे म्हणतात. याचा आधार नव्या करारात आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या शेवटी येशू शिष्यांना सर्व राष्ट्रांकडे पाठवतो. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात (५:२०) येशूचा प्रेषित पौल स्वतःला व सोबत्यांना ख्रिस्ताच्या वतीने बोलणारे म्हणवतो. वतीने बोलणाऱ्याने निरोप पोहोचवायचा. त्यात पदरचे काही घालायचे नाही, आणि ऐकणाऱ्याने तो मानलाच पाहिजे असा हट्टही धरायचा नाही. पौलसुद्धा तिथे आज्ञा करत नाही, विनवतो.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी हा मराठी-कन्नड सरमिसळीचा मुलूख. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. येथे ख्रिस्ती लोक विरळ आहेत. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्यातले त्यांचे प्रमाण एक टक्काही भरत नाही. पण जे आहेत ते एका साच्यातले नाहीत. गोव्यातून घाट चढून आलेली कोकणी बोलणारी कॅथलिक घराणी खानापूर-बेळगावकडे स्थिरावली. १९५३ मध्ये बेळगावचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. कॅम्पातले फातिमा मातेचे चर्च हे त्याचे कॅथीड्रल. या घराण्यांत विश्वास आजी-आजोबांकडून येतो आणि तो घराबाहेर दिसतो तो सणाच्या मिरवणुकीत, फादर-सिस्टरांच्या शाळेत, दवाखान्यात. चारचौघांत उभे राहून ‘मी ख्रिस्ताकडे कसा आलो’ हे सांगण्याची रीत मुख्यतः प्रॉटेस्टंटांची.

या रीतीचा येथला आरंभ इंग्रजी लष्कराच्या छावणीबरोबर झाला. १८१८ मध्ये बेळगावचा किल्ला इंग्रजांच्या हाती गेला आणि दोनच वर्षांनी लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर बळ्ळारीहून येथे आले. पुढे विल्यम बेनन त्यांना येऊन मिळाले. बाजारात उपदेश करणे, छापील पुस्तिका वाटणे, शाळा काढणे हा त्या काळच्या मिशनचा सगळीकडचा शिरस्ता. बेळगावात त्यातली मुळे धरली ती शाळेने. बेनन स्मिथ हायस्कूल आपली परंपरा १८३२ पर्यंत मागे नेते. गावातल्या मराठी घरांतली मुले पिढ्यान्‌पिढ्या मिशनच्या शाळेत शिकली, बायबलच्या तासाला बसली, वचने पाठ केली आणि घरी येऊन देवापुढे शुभंकरोती म्हणाली. बाप्तिस्मा घेणारे थोडेच निघाले. मिशनच्या वह्यांत ही पीछेहाटच ठरावी. पण केवळ निरोप पोहोचवणे हेच काम मानले, तर ते या वर्गखोल्यांइतके शांतपणे दुसरीकडे कुठे झाले असेल असे वाटत नाही. १९०४ मध्ये सोसायटीने येथले काम अमेरिकन मेथडिस्टांच्या हवाली केले. जिल्ह्याच्या उत्तर टोकाचा ओढा मात्र वेगळीकडे होता. निपाणीला कोल्हापूर जवळचे, आणि तिथे १८५२ पासून अमेरिकन मिशनरी होते. अथणीला मिरज जवळची, आणि तिथे विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेले मिशन हॉस्पिटल होते.

कोणत्या भाषेत सांगायचे, हा प्रश्न सीमाभागात कधीच सुटला नाही. धारवाडच्या बाझेल मिशनचा कारभार कन्नडमध्ये, तर कोल्हापूरकडचा मराठीत. बेळगावच्या मिशनला दोन्ही लागत. आजही शहरात मराठी, कन्नड, कोकणी आणि इंग्रजी अशा निरनिराळ्या उपासना चालतात. मराठी मंडळीचा खरा आधार आहे तो गाण्याचा. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी अभंग, भजन आणि कीर्तन हे वारकऱ्यांच्या ओळखीचे साज ख्रिस्तभक्तीवर चढवले, आणि परदेशी चालीवर ओढूनताणून बसवलेल्या गीतांच्या जाचातून मराठी ख्रिस्ती माणूस सुटला.

घरातली प्रार्थनासभा हे या साक्षीचे आजचे नेहमीचे रूप. संध्याकाळी जेवणाआधी सतरंजी अंथरतात, पेटी असली तर पेटी, नाहीतर ढोलकी आणि झांजा. दोन-तीन भजने होतात, पाळक उतारा वाचून थोडके बोलतात, मग कुणीतरी उठून आपली साक्ष सांगते: दारू सुटली, दुखणे बरे झाले, भावाशी मोडलेले बोलणे पुन्हा सुरू झाले. ही शेवटच्या प्रकारची साक्ष ऐकायला सगळ्यांत कमी चमत्काराची आणि पौलाच्या म्हणण्याला सगळ्यांत जवळची, कारण त्याचा निरोपही समेटाचाच होता. शेजारच्या काकू दारातच बसून ऐकतात. चहा झाला की त्या आपल्या घरी जातात, आणि नाताळात इकडच्या करंज्यांचे ताट त्यांच्याकडे जाते तसे दिवाळीत तिकडचे इकडे येते.

कायद्याची चौकट अशी. राज्यघटनेचे कलम २५ सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या अधीन राहून धर्माचा प्रसार करण्याचा हक्क देते. दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा हक्क त्यात येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात दिला. चर्चही बळजबरीचे समर्थन करत नाही: कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये धर्मप्रसारातील जबरदस्ती व अप्रशस्त मार्ग नाकारले, आणि २०११ मध्ये कॅथलिक, प्रॉटेस्टंट व इव्हँजेलिकल जागतिक संस्थांनी मिळून साक्षीसाठी आचारसूत्रे काढली. कर्नाटकाचे धर्मांतरविरोधी विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये विधानसभेने मंजूर केले ते बेळगावच्याच अधिवेशनात. २०२२ मध्ये त्याचा कायदा झाला. धर्मांतराच्या ३० दिवस आधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवण्याची अट त्यात घातली गेली. आमिष दाखवून धर्मांतर घडवण्यास त्यात बंदी होती, आणि आमिषाच्या व्याख्येत धार्मिक संस्थेच्या शाळेतले मोफत शिक्षणही धरले गेले, म्हणजे ज्या गोष्टीने या शहरात सगळ्यांत कमी लोक ख्रिस्ती झाले नेमकी तीच. हा कायदा मागे घेण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने जून २०२३ मध्ये घेतला.