टाकीतले पोहणारे खेकडे: जोडी कशी जमते आणि अंडी कुठे अडतात

बाजारात खेकडा घेताना आपण तो उलटा करून पोट बघतो. पोटावरची झाकणी अरुंद असेल तर नर, रुंद अर्धगोल असेल तर मादी, आणि लाख, म्हणजे आतली केशरी अंडी, हवी असेल तर मादीच घ्यायची, हे कोकणात लहान पोरांनाही माहितीये. पण अजून एक प्रकार असतो, तिकोनी झाकणीवाला, तो म्हणजे वयात न आलेली मादी. ही मादी एकदा कात टाकते आणि जुन्या कवचातून बाहेर येते तेव्हा तो तिकोन जाऊन तिथे रुंद गोल झाकणी आलेली असते, आणि तिचं पहिलं मीलनही त्याच वेळी होतं.

पोहणारे खेकडे ओळखायला सोपे, शेवटची पायांची जोडी वल्ह्यासारखी चपटी असते. पाठीवर तीन ठिपके असलेला जो आपल्याकडे जाळ्यात येतो तो यातलाच. मी इथे मुख्यतः निळ्या पोहणाऱ्या खेकड्याबद्दल लिहितोय, कारण टाकीत ठेवून त्याचा भरपूर अभ्यास झालाय, आणि आपल्याकडे तमिळनाडूत मंडपमला केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्थेनं हॅचरीत, म्हणजे अंड्यांतून पिल्लं काढायच्या केंद्रात, त्याची पैदासही केलीय. यात नर छान निळा आणि मादी मातकट हिरवट.

तर होतं असं की मादीची कात टाकायची वेळ जवळ आली की नराला ते पाण्यातूनच कळतं. याचा अमेरिकेतला जो निळा भाऊबंद आहे त्याच्यावर प्रयोग झालेत, मादीच्या लघवीत एक रसायन असतं आणि मादी समोर नसतानाही नुसता तो वास पाण्यात आला तरी नर पायांच्या टोकांवर उंच उभा राहतो, नांग्या दोन्ही बाजूंना पसरतो आणि मागची वल्ही पाठीवर उचलून हलवायला लागतो. मग मादी मिळाली की तो तिला पोटाखाली धरतो आणि तशीच घेऊन फिरतो, काही दिवस, कधी आठवडाभरसुद्धा.

टाकीत या दिवसांना फार जपावं लागतं. एका टाकीत दोन तगडे नर ठेवले की मारामारी, आणि मग डेंगे तुटतात, पाय तुटतात, म्हणून एक नर आणि थोड्या माद्या असा हिशोब ठेवणं बरं. आणि कात टाकलेली मादी एकटी सापडली तर बाकीचे खेकडे तिला खाऊन टाकतात, कारण तेव्हा तिचं अंग अगदी लोण्यासारखं मऊ असतं, ना चावता येत ना पळता येत. नराचं ते धरून ठेवणं मला म्हणूनच महत्त्वाचं वाटतं, त्यात त्याचा स्वार्थ आहेच की दुसऱ्या नरानं यायला नको, पण तिचा जीवही त्यामुळेच वाचतो.

कात टाकून झाली की नर तिला हळूच उताणी करतो, पोटाला पोट लागतं, दोघांच्या झाकण्या उघडतात आणि नर नळीसारख्या दोन अवयवांनी शुक्राणूंच्या पुड्या तिच्या आतल्या दोन पिशव्यांत सोडतो. हे ६ ते ८ तास चालतं. मग परत तिला सुलटी करून पोटाखाली घेतो, कवच टणक होईपर्यंत.

अंडी मात्र लगेच येत नाहीत. शुक्राणू त्या पिशव्यांत जिवंत राहतात आणि मादी सवडीनं, कधी काही महिन्यांनी, ते वापरते, एकदाच नाही तर अंड्यांच्या अनेक खेपांसाठी. अमेरिकेतली मादी तर आयुष्यात एकदाच मीलन करते आणि त्याच साठ्यावर पुढच्या सगळ्या खेपा काढते. म्हणून समुद्रातून आणलेली मादी टाकीत एकटी असतानाही फलित अंडी देते.

आता सगळ्यात गंमतीचा भाग, वाळू. गुळगुळीत सिमेंटच्या किंवा फायबरच्या टाकीत मादी अंडी सोडते खरी पण ती तळाला पसरून वाया जातात. तिला वाळूचा थर लागतो, त्यात ती बसून खळगा करते, झाकणी उघडून अंडी त्या पोकळीत सोडते आणि तिथे ती झाकणीखालच्या केसाळ उपांगांना चिकटतात. एवढ्या साध्या गोष्टीवर लाखो अंड्यांचं नशीब अवलंबून असतं, मोठ्या मादीकडे एका खेपेला १० लाखांच्याही वर अंडी असू शकतात.

सुरुवातीला हा पुंजका पिवळा-केशरी असतो, मग आतला बलक संपत जातो, पिल्लांचे डोळे दिसायला लागतात, आणि तो तपकिरी होऊन शेवटी काळपट होतो. २८ ते ३० अंश तापमानात ८ ते १० दिवस लागतात. या काळात मादी पायांनी अंडी विंचरत राहते, झाकणी हलवून पाणी खेळवते, नाहीतर बुरशी धरते. पुंजका काळा झाला की हॅचरीवाले तिला वेगळ्या टाकीत हलवतात आणि बहुतेक वेळा रात्री किंवा पहाटे ती झाकणी झटकून पिल्लं पाण्यात सोडते.

ही पिल्लं खेकड्यासारखी दिसतच नाहीत, डोक्यावर काटा असलेले ठिपके नुसते. चार वेळा रूप बदलून पाचव्या रूपात त्यांना नांग्या येतात, साधारण १५ ते २० दिवसांत छोटा खेकडा तयार, आणि नांग्या आल्या की लगेच एकमेकांना खायला लागतात. त्यामुळे तेव्हा टाकीत जुन्या जाळ्यांचे तुकडे लटकवतात, म्हणजे कात टाकणाऱ्याला लपायला जागा मिळते.